अकरा गुरुवार, दोन रिळं

फिटरकाकांना जो तो सांगत होता, अहो, घ्या एकदाचं आणि मोकळे व्हा. पण काकांचं घोडं जे त्या दुकानात अडलं होतं, ते अकरा गुरुवार उलटले तरी हलायला तयार नव्हतं. घ्यायचं होतं तरी काय? मासे धरायचा एक रॉड आणि त्याला लावायचं एक रीळ. हत्ती घ्यायचा नव्हता, की पोरीला स्थळ बघायचं नव्हतं. आणि माणूस तरी कोण? कागदाच्या कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर. पेचकसाचं टोक चालत्या मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि सांगायचं, हे बेअरिंग पंधरा दिवसांत जाणार. ते पंधराव्या नाहीतर सोळाव्या दिवशी जायचंच. मशीन बंद करायचं की चालू ठेवायचं हे मोठमोठे इंजिनिअर यांच्या तोंडाकडे बघून ठरवायचे. असा माणूस दोन रिळांतलं एक उचलताना हात आखडून बसला होता.

आता खरं सांगायचं तर गोष्ट रिळाची नव्हतीच, पण काकांना ते कोण सांगणार.

घरात काकू अंथरुणाला खिळलेल्या. हातापायांतली ताकद हळूहळू काढून घेणारा आजार. आधी पायातली चप्पल निसटायला लागली, मग हातातला कप, मग सगळंच. दोन वर्षांत चारी हातपाय गेले. मान थोडी वळायची आणि उजव्या हाताचं पहिलं बोट जेमतेम हलायचं. तेही चादरीवर, पुढेमागे, बोटभर. बाकी बोलणं शाबूत होतं. सावकाश बोलायच्या, मध्ये दम घ्यायच्या, पण जे बोलायच्या ते अगदी नेमकं. डोकं तर पहिल्यापेक्षा जास्त चालायचं, कारण त्याला दुसरं कामच नव्हतं.

काकांनी नोकरी मुदतीआधी सोडली ती यासाठी. तेव्हापासून त्यांचं घड्याळ दोन तासांचं झालं होतं. दर दोन तासांनी काकूंना कुशीवर वळवायचं, दिवसा आणि रात्रीही. नाहीतर पाठीला जखमा होतात. वळवताना एक हात खांद्याखाली, एक मांडीखाली, आणि चादरीला एकही सुरकुती राहता कामा नये. हवेच्या गादीचा पंप बघायचा. भात मऊ करून चमच्याने भरवायचा, प्रत्येक घासानंतर गिळला का ते बघायचं. अंग पुसायचं, केस विंचरायचे, औषधं कुटून पाण्यात द्यायची. काका हे सगळं मशीनच्या देखभालीसारखं चोख करायचे. पलंगाची उंची त्यांनी खाली लाकडाचे ठोकळे देऊन आपल्या कमरेला बेताची केली होती. डॉक्टरसुद्धा म्हणाले होते की पाठीवर एक ओरखडा नाही, कमाल आहे.

कमाल होतीच. पण काकांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि डावा खांदा असा काही उतरला होता की सदरा हँगरवरून घसरल्यासारखा दिसायचा. कुणी विचारलं, दमता का हो, तर उत्तर ठरलेलं, छे, कुठे काय. काकूंनी विचारलं तरी हेच. दोन वर्षांत या माणसाने एकदाही दमलो म्हटलं नव्हतं. लोकांना त्याचं कौतुक वाटायचं. काकूंना वाटत नव्हतं.

काकूंची धाकटी बहीण दर गुरुवारी बारा ते सहा येऊन बसायची. सगळे तिला धाकटीच म्हणायचे, ती पंचावन्नची झाली तरी. तिला काकूंना वळवायचं कसं ते येत होतं, भरवता येत होतं, आणि वर तोंडाचा पट्टा चालू असल्यामुळे काकूंची करमणूकही व्हायची. ती यायला लागल्यावर काकूंनी नवऱ्यापुढे मागणी ठेवली. मागणी एवढीच, की एक गुरुवार नदीवर जा. माझं काही न करता दोन तास पाण्याकडे बघत बसा आणि परत येऊन मला सांगा कसं होतं ते. आणि बांबूच्या काठीला दोरा बांधून जाऊ नका, ते रीळ घेऊन जा.

ते रीळ म्हणजे सेंटरपिन. हे काकांचं तीस वर्षांचं वेड. कारखान्यातून घरी येताना वाटेवर ते दुकान लागायचं आणि काचेआड ते ठेवलेलं असायचं. साध्या रिळांत दातेरी चाकं असतात, चाप असतो, काय काय असतं. सेंटरपिनमध्ये काहीच नाही. एक बारीक दांडा आणि त्याच्यावर मोकळं फिरणारं बशीएवढं चाक, बस्स. गळाच्या वर दोऱ्याला एक छोटा बोया बांधायचा आणि तो प्रवाहात सोडून द्यायचा. बोया वाहत जातो तसा तो दोरा ओढत नेतो, दोरा चाकाला फिरवतो, आणि आपण अंगठा चाकाच्या कडेवर नुसता टेकवून बसायचं. मासा लागला तर त्याला आवरायचं तेही अंगठ्यानेच. काका म्हणायचे, यात लपवाछपवी नाही, जे आहे ते सगळं त्या दांड्यावर. संसाराच्या धबडग्यात ते कधी घेणं झालं नाही. आता काकूंनी हट्टच धरला म्हटल्यावर काका पहिल्या गुरुवारी दुकानात गेले. गेले ते तिथलेच झाले.

दुकान चिंचोळं आणि आत लांबच लांब. एका भिंतीला लाकडी चौकटीत खाचांमध्ये रॉड उभे, दुसऱ्या भिंतीला लहान लहान खण, त्यात गळ, शिशाचे मणी, रंगीत बोये. रबरी बुटांचा आणि वॉर्निशचा वास. दुकानदार काकांच्याच वयाचा, चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा शोधणारा. मूळचा शांत माणूस. पहिल्या दिवशी त्याने काकांना तेरा फुटी आणि पंधरा फुटी असे दोन रॉड दिले आणि विचारलं, कुठल्या पाण्यात बसणार. काका म्हणाले, गावाबाहेरच्या नदीवर, जुन्या पुलाच्या खाली. दुकानदार म्हणाला, तिथे पाणी संथ आहे, तेरा फुटी पुरे. झालं. दोन मिनिटांचं काम. पण काकांना ते दोन मिनिटांत होऊ द्यायचं नव्हतं.

रॉडवरच चार गुरुवार गेले. लांब रॉडने दोरा पाण्यापासून उचललेला राहतो म्हणून पंधरा फुटी बरा, की हाताला हलका म्हणून तेरा फुटी बरा. शेंडा किती वाकतो, कड्या सरळ रेषेत आहेत का, तिन्ही तुकडे जोडल्यावर सांध्यात खेळ राहतो का. काका एक डोळा मिटून रॉडच्या लांबीवरून असे बघायचे, जणू शाफ्टच वाकलाय. शेवटी दुकानदाराने त्यांना दुकानाच्या मागच्या अंगणात नेलं, पंधरा फुटी हातात दिला आणि म्हणाला, धरा नदीवर धरता तसा, मी एका गिऱ्हाइकाला बघून येतो. गिऱ्हाईक गेलं आणि दुकानदार परत आला, तर रॉडचा शेंडा जमिनीला टेकलेला. काकांचा डावा खांदा सहाव्या मिनिटालाच गेला होता. काका म्हणाले, रॉडच जड आहे. दुकानदाराने पंधरा फुटी काढून घेतला, तेरा फुटी बांधून बाजूला ठेवला आणि त्यावर कागद चिकटवून लिहिलं, फिटर.

मग रिळाची पाळी. दुकानात सेंटरपिन दोनच. एक चकचकीत, जाडजूड, कडेला भरीव धातू, हातात घेतलं की वजन कळावं असं. दुसरं काळं, पातळ, चाकाला भोकंच भोकं पाडलेली, दिसायला अगदी गरीब. काका घरून घड्याळ घेऊन आले, सेकंदाचं. चाकाला टिचकी मारायची आणि ते थांबेपर्यंत मोजायचं. चकचकीत फिरलं चार मिनिटं बारा सेकंद. काळं फिरलं दीड मिनिट आणि गप्प. काकांचा चेहरा असा फुलला की दुकानदाराला वाटलं, सुटलो. पण काका पुढच्या गुरुवारी पुन्हा मोजायला हजर. तेल घालून, तेल पुसून, आडवं ठेवून, उभं धरून. चार मिनिटं नऊ, चार मिनिटं चौदा.

"फिटर, एक सांगू का?" एकदा दुकानदार न राहवून म्हणाला. "नदी टिचकी मारत नाही."

काकांना कळलं नाही. म्हणजे शब्द कळले, पण ज्याने आयुष्यभर बेअरिंग टिचकी मारून पारखलं, त्याला एका बोये विकणाऱ्याने अक्कल शिकवावी हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. ते म्हणाले, जास्त वेळ फिरतं ते चांगलं, यात चर्चा काय? दुकानदाराने हात टेकले. मनात म्हणाला असेल, मग घे की बाबा.

पण घेतही नव्हते! आता याला काय म्हणायचं? आवडलेलं आहे, ठरलेलं आहे, आणि तरी दर गुरुवारी येऊन स्टुलावर बसायचं. बसायचं म्हणजे तरी नुसतं बसणं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी त्या स्टुलाच्या डुगडुगत्या पायाखाली वायसर घातलं. पाचव्यात पंख्याची घरघर बंद केली. मग दाराची बिजागरी, मग खणांच्या खालची चाकं. आठव्या गुरुवारी त्या दुकानात कुरकुरायला काही म्हणून उरलं नाही. त्यानंतर काका नुसते बसायला लागले. रीळ मांडीवर घेऊन, चाक फिरवून, ते थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत. गिऱ्हाइकं यायची, जायची. एकदा दुकानदाराने हाक मारली तर उत्तर नाही. जवळ जाऊन बघतो तर डोळे उघडे आणि माणूस गायब.

लोकांना वाटतं दमलेला माणूस झोपतो. कसला झोपतो! दमलेल्या माणसाला झोपायचंही जिवावर येतं, कारण झोपायला सुद्धा आधी ठरवावं लागतं की आता झोपायचं. काका दिवसभर ठरवतच असायचे. हा घास द्यायचा की थांबायचं, ही लाली साधी की जखमेची सुरुवात, डॉक्टरांना आत्ता फोन करायचा की सकाळपर्यंत बघायचं. एवढं ठरवून झाल्यावर त्यांच्यात आणखी एक गोष्ट ठरवायची शक्तीच उरली नव्हती. शिवाय रीळ घेतलं की नदीवर जावं लागणार. नदी म्हणजे दोन बस बदलून जायचं, पुलाखाली फोन लागत नाही, आणि इकडे काही झालं तर? दुकान बरं होतं. दुकान घरापासून आठ मिनिटांवर होतं.

घरी आल्यावर काकू विचारायच्या, आज काय ठरलं? मग काका पलंगापाशी बसून सगळं सांगायचे. चार मिनिटं अकरा झाली, तेल पातळ वापरलं, दुकानदार असं म्हणाला. काकू ऐकायच्या. आधी हसून ऐकायच्या, मग नुसत्या ऐकायच्या. अकराव्या गुरुवारी मात्र त्यांनी मान वळवली आणि नवऱ्याकडे इतका वेळ बघितलं की काकांना वाटलं, चादरीला सुरकुती पडली की काय. ते चादर ओढायला उठले.

त्याच दिवशी धाकटीने चपला घालता घालता बातमी दिली. तिच्या लेकीचं बाळंतपण, पुढच्या रविवारी तिकडे जायचं, आणि मग सहा महिने तरी येणं नाही. म्हणजे उरला एकच गुरुवार. काका म्हणाले, जा, निवांत जा, आमचं काय, चाललंय की आमचं. पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. बहिणीच्या कानाशी वाकून धाकटी म्हणाली, ताई, भाऊजी एक दिवस बसल्या जागी कोसळतील. काकू म्हणाल्या, माहीत आहे. मला माहीत आहे, त्यांनाच माहीत नाही.

आणि मग काकूंनी हुकूम सोडला. येत्या गुरुवारी धाकटीने सकाळी नऊलाच यायचं. काकांनी दुकान उघडताच जाऊन रॉड आणायचा, दोन्ही रिळं आणायची, आणि निवड मी करणार. मग एकची बस आणि नदी. काका म्हणाले, तुला त्यातलं काय कळणार? काकू म्हणाल्या, तुम्हाला कळून अकरा आठवडे झाले, काय दिवे लागले?

गुरुवार आला. दुकानदाराने एका शब्दाने काही न विचारता दोन्ही रिळं कापडात गुंडाळून दिली. जे नको असेल ते परत आणा, घाई नाही, म्हणाला. मग स्वतःच हसला, कारण काकांना घाई नाही असं सांगणं म्हणजे कमालच. काका साडेअकराला घरी पोहोचले. जेवणाचा चाकांचा टेबल काकूंच्या छातीवर सरकवला, रॉडचा फक्त खालचा, बुचाच्या मुठीचा तुकडा त्यावर आडवा ठेवला, आणि त्याला आधी चकचकीत रीळ लावलं.

"आता बघ," ते म्हणाले, आणि टिचकी मारली.

चाक फिरायला लागलं. काका घड्याळ बघत उभे, धाकटी तोंडाला पदर लावून उभी, काकू उशीवरून बघतायत. चार मिनिटं म्हणजे काय असतं ते तेव्हा कळलं. बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, वरच्या मजल्यावर कुणीतरी बादली आपटली, कुकरची एक शिट्टी झाली, आणि ते चाक आपलं फिरतंय. धाकटी दोनदा घड्याळाकडे बघून गेली. शेवटी थांबलं. चार मिनिटं दहा. काकांनी असं बघितलं की जणू ते स्वतःच शर्यत पळून आले होते.

"छान आहे," काकू म्हणाल्या. "आता मला फिरवू द्या."

काकांना वाटलं, चेष्टा करतेय. मग कळलं, नाही. त्यांनी काकूंचा उजवा हात मनगटाखाली धरून उचलला, टेबलावर ठेवला आणि ते पहिलं बोट चाकाच्या कडेवर टेकवलं. काकूंनी जोर लावला. जोर लावला हे फक्त काकांना दिसलं, कारण कपाळाची शीर कुठे उठते ते त्यांना ठाऊक होतं. चाक हललं नाही. पुन्हा लावला. नाही. चकचकीत कडेवरून बोट घसरून टेबलावर पडलं.

काकांचं तोंड उतरलं. कशाला हे सगळं आणलं, असं त्यांना होऊन गेलं. ते म्हणाले, राहू दे गं, ते जड असतं, कडेला वजन असतं त्याला, एकदा सुटलं की थांबत नाही पण सुटायलाच...

आणि ते थांबले. वाक्याच्या मध्येच. छत्तीस वर्षं ज्याने हजारो बेअरिंगं बसवली त्याला स्वतःच्या तोंडून काय बाहेर पडलं ते ऐकू आलं. जे फिरत राहतं ते वेगळं आणि जे सहज सुटतं ते वेगळं. बोयाला काय जोर असणार? संथ पाण्यात करंगळीएवढा बोया, तो किती ओढणार? कारखान्यात मोटर असते, ढकलायची चिंता नसते, म्हणून ही चूक छत्तीस वर्षांत कधी चूक ठरलीच नव्हती. दुकानदार हेच तर सांगत होता, आणि आपण त्याच्यापुढे घड्याळ नाचवत होतो.

"दुसरं लावा," काकू म्हणाल्या.

काकांनी काळं रीळ लावलं. घाईत तिरकं बसलं म्हणून दोनदा लावावं लागलं. बोट कडेवर टेकवलं. काकूंनी जोर लावायच्या आधीच, नुसतं बोट मागे घेताना, चाक हललं. बोटभर. काकूंनी डोळे मोठे केले. पुन्हा बोट पुढे, पुन्हा मागे. चाक निघालं, अर्धा फेरा गेलं, सावकाश, भोकांतून मागची चादर दिसत लपत, आणि थांबलं. काकूंनी पुन्हा ओढलं. पुरा फेरा झाला.

वर्षभरात या घरातली एकही वस्तू काकूंच्या हाताने हलली नव्हती. दिव्याचं बटण नाही, पुस्तकाचं पान नाही, स्वतःच्या डोळ्यावर आलेला केस नाही. आणि आता हे चाक हलत होतं, त्या म्हणतील तेव्हा आणि म्हणतील तेवढं. धाकटी भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. काकू रडल्या नाहीत. त्यांना गंमत वाटत होती, ती तोंडावर दिसत होती. पाच फेरे झाले, दहा झाले. मध्ये दम घ्यायच्या, मग पुन्हा.

"हेच घ्यायचं," त्या म्हणाल्या. "ठरलं."

"ठरलं," काका म्हणाले.

"आता दुसरं. खरं सांगा. दमलात ना?"

"छे गं, कुठे..."

"मी आडवी आहे, आंधळी नाही." काकूंनी दम घेतला. बोट चाकावर तसंच होतं. "तुम्ही नाही म्हणता ना, तेव्हा मला काय वाटतं सांगू? की माझं ओझं इतकं झालंय की तुम्हाला तसं म्हणायचीसुद्धा चोरी. दमलो म्हणालात तर मी काय मरणार आहे? मला निदान कळेल तरी, की या घरात आणखी एक माणूस आहे. दोन वर्षं मी एका मशीनबरोबर राहतेय हो."

काका उभेच होते. पलंगाशेजारी बाजल्यासारखी एक अरुंद खाट होती, त्यांचीच, दर दोन तासांनी जिच्यावरून उठायचं ती. तिच्या कडेवर ते बसले. पायातले मोजे काढायला वाकले आणि एकच मोजा काढून तसेच वाकून राहिले.

"दमलोय गं," ते म्हणाले. "फार दमलोय. मला काही सुचतच नाही आताशा."

"हं," काकू म्हणाल्या.

"खांदा उचलत नाही. तुला वळवताना भीती वाटते, एक दिवस हातातून सुटशील. दुकानात जाऊन नुसता बसायचो मी. रीळ काय, पहिल्या दिवशीच घेता आलं असतं."

"माहीत आहे."

"रागावली नाहीस?"

"मीही दमलेय," काकू म्हणाल्या. "पडून पडून इतकी दमलेय, काय सांगू. पण तुम्ही म्हणत नव्हता, तर मी कुठल्या तोंडाने म्हणणार?"

काका हसले की रडले ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. ते म्हणाले, पाचच मिनिटं पडतो, मग निघतो, एकची बस आहे. काकू म्हणाल्या, पडा. काका खाटेवर आडवे झाले, एका पायात मोजा तसाच. काकूंनी चाक फिरवलं. त्या मोकळ्या चाकाचा आवाज असा नव्हताच, कपडा कपड्याला घासावा तेवढाच. धाकटी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पाणी मारून आली तोवर काकांचा श्वास जड झाला होता. तोंड उघडं, हात खाटेबाहेर लोंबकळतोय, आणि उतरलेला खांदा गादीत पार रुतलेला.

पावणेएक झाला. धाकटी बहिणीच्या कानाशी वाकली. म्हणाली, ताई, उठवू का? बस जाईल. रविवारी मी गेले की मग यांना नदीवर कोण सोडणार?

"जाऊ दे बस," काकू कुजबुजल्या.

एक वाजला, सव्वा वाजला. काकूंना वळवायची वेळ झाली तेव्हा धाकटीने एकटीनेच त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, आवाज न करता, टेबल पुन्हा जवळ सरकवला आणि बोट चाकावर टेकवलं, कारण काकूंनी डोळ्यांनी तसं सांगितलं. बोट आता थरथरत होतं. चाक पुरा फेरा घेत नव्हतं, चतकोर जायचं आणि थांबायचं. काकूंच्या वरच्या ओठावर घाम आला होता. धाकटीने तो टिपला आणि रीळ काढून घ्यायला हात पुढे केला. पुरे आता ताई, म्हणाली, दमशील.

"राहू दे," काकू म्हणाल्या. नजर खाटेवरून हलली नाही. "मी फिरवतेय, म्हणून ते झोपलेत."

धाकटीने हात मागे घेतला, खिडकीपाशी गेली आणि पडदा ओढून घेतला.